बेट कोणाचे?

पालीहून चौकाच्या टेकाडाकडे गेले आणि उत्तरेस तोंड करून उभे राहिले म्हणजे खाडीपलीकडे वसईच्या किल्ल्याची रेघ दिसते. मध्ये पाण्याचा पट्टा आहे, त्यात होड्या आहेत आणि किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले आहेत. पाहणाऱ्यास वाटावे की, या स्थळी मासळी आणि भरती-ओहोटी यांवाचून दुसरे काही कधी घडलेच नसेल. परंतु याच पाण्याच्या पट्ट्यासाठी पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी दोन राज्ये एकमेकांच्या नरड्यास भिडली होती, आणि ज्या टेकाडावर आपण उभे असतो ते दोन वर्षांच्या आत कधी एकाचे, कधी दुसऱ्याचे झाले होते. आमच्या वाचकांपैकी भाईंदर-उत्तनच्या बाजूस व्यापारानिमित्त नेहमी जाणारेयेणारे पुष्कळ असतील. पण या भूमीचे जुने नाव धारावी बेट असे आहे, हे त्यांतील थोड्यांस ठाऊक असेल. मुंबईतील चामड्याच्या आणि कुंभारकामाच्या धारावीशी या नावाची गल्लत होऊ देऊ नये. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस व दक्षिणेस मनोरीच्या अंगाची खाडी, पश्चिमेस उघडा समुद्र, आणि त्यांच्यामध्ये उत्तन, पाली, चौक, डोंगरी, गोराई, मनोरी ही गावे, असे हे बेट आहे.

आज या बेटाची हकीकत सांगावयास आम्ही बसलो ती केवळ पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे गाण्यासाठी नव्हे. पोवाडे गावेत, त्यास आमची ना नाही. परंतु वकिलीच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसास कोणताही दस्तऐवज हाती आला की पहिला प्रश्न सुचतो तो असा की, ज्याच्या हक्काचा यात निवाडा झाला तो पक्षकार हजर होता काय? त्यास नोटीस लागली होती काय? धारावी बेटाचे, किंबहुना साऱ्या साष्टीचे, जेवढे दस्तऐवज इतिहासात सापडतात ते या प्रश्नाच्या उजेडात वाचले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते.

पहिला दस्तऐवज १५३४ सालचा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगलांच्या भीतीने गांजला होता. त्याने पोर्तुगिजांची मदत मिळावी म्हणून वसई आणि तिच्या हाताखालचा मुलूख त्यांस तोडून दिला. त्यात साष्टी गेली, मुंबईची बेटे गेली, आणि हे धारावी बेटही गेले. पुढे वसई ही पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी झाली. गावेच्या गावे फिरंगी सरदारांस आणि पाद्र्यांच्या संघांस खंडाने लावून देण्यात आली. ज्या कोळ्याने, आगऱ्याने आणि कुणब्याने ती जमीन व ते पाणी पिढ्यानपिढ्या राबविले होते त्यास आपला धनी बदलल्याची वार्ता वसूल मागावयास नवा माणूस आला तेव्हा कळली असेल!

दुसरा दस्तऐवज १६६१ सालचा. पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरले आणि मुंबई आंदणात दिली गेली. वास्तविक आंदण द्यावयाचे ते घरच्या चीजवस्तूचे. येथे माणसांनी वसलेली बेटे दिली. त्यावरही पुढे तंटा माजला. इंग्रज म्हणू लागले की साष्टी व ठाणे ही मुंबईबरोबरच आली. पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय म्हणाला की मुळीच नाही. १६६५ साली मुंबई कशीबशी ताब्यात मिळाली आणि साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. पुढे तीन वर्षांनी, १६६८ साली, राजाने मुंबई कंपनीस सालीना दहा पौंड खंडाने दिली. या साऱ्या वादात नकाशा होता, राजाचे शिक्कामोर्तब होते, विद्वान लोकांचा युक्तिवाद होता. फक्त साष्टीचा माणूस तेवढा नव्हता.

आता तिसऱ्या प्रकरणाकडे येऊ. हे प्रकरण आम्हांस अभिमानाचे आहे, आणि म्हणूनच ते अधिक काळजीपूर्वक वाचले पाहिजे. पोर्तुगिजांच्या अमदानीत हिंदू रयतेचे धर्माच्या बाबतीत हाल झाले, ही गोष्ट कोणी नाकारीत नाही. गोव्यास १५६० साली बसविलेले इन्क्विझिशनचे न्यायासन १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडून, चालू होते. त्याची छाया उत्तरेकडील प्रांतावरही पडलेली होती. या जुलमाची दाद मागण्यासाठी साष्टीतील आणि आसपासच्या पुढाऱ्यांनी पेशव्यांकडे धाव घेतली. अंजूरच्या गंगाजी नाईकांचे नाव या संबंधात इतिहासात ठळक आहे. तेव्हा ही मोहीम तरी रयतेच्या हाकेवरून निघाली, हा तिचा विशेष होय. १७३७ च्या वसंतात चिमाजी अप्पांच्या फौजेने ठाणे घेतले आणि बघता बघता साष्टी मराठ्यांच्या हाती आली. घोडबंदर पडले. वसई मात्र पडली नाही.

वसई का पडली नाही, याचे अर्धे उत्तर धारावीच्या टेकाडावर उभे राहिले म्हणजे डोळ्यांस दिसते. वसईस जमिनीकडून वेढा घालता येतो. परंतु खाडीचे तोंड उघडे असेल तर गोव्याहून आणि मुंबईहून दारूगोळा, धान्य आणि माणसे जहाजांनी आत शिरू शकतात. धारावीच्या डोंगरावर ज्याच्या तोफा, त्याच्या हाती खाडीच्या तोंडाची कडी. मराठ्यांनी हे ओळखून धारावीवर मोर्चा बांधावयास घेतला. पोर्तुगिजांनीही तितक्याच चटकन ओळखून तेथून त्यांस हुसकून लावले. १७३८ अखेर पोर्तुगिजांचा सेनापती पेद्रु द मेलु ठाणे परत घेण्यास निघाला आणि तोफेचा गोळा लागून पडला. पुढल्या वर्षाच्या आरंभी मराठ्यांनी उत्तरेकडील एकेक ठाणे उचलले. माहीम-केळवे गेले, तारापूर गेले. तारापुरावर बाजी भिवरावासारखा मोहरा खर्ची पडला. मग वेसावे आणि धारावी ही ठाणी पुन्हा घेण्यात आली व खाडीची कडी लागली. वसई एकटी राहिली.

पुढची कथा सर्वांच्या तोंडी आहे. बुरुजांखाली सुरुंग लागले, खिंडारांतून एल्गार झाले, आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईने निशाण उतरविले. ग्रँट डफने मराठ्यांचा स्वतःचाच कबूल केलेला आकडा दिला आहे. त्याप्रमाणे आपली पाच हजारांवर माणसे मेली किंवा जायबंदी झाली, पोर्तुगिजांची आठशे. या पाच हजारांत धारावीचे, साष्टीचे, वसईचे किती, ते कोणी मोजले नाही. विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा आजही लोक मोठ्या कौतुकाने पाहतात. परंतु आमच्या मते या विजयाची खरी शोभा घंटेत नाही, तहाच्या कलमांत आहे. हरलेल्या शिबंदीस शस्त्रांसह आणि इभ्रतीने बाहेर पडू दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. ज्या धर्मछळाविरुद्ध तलवार उपसली तो छळ उलट दिशेने करावयाचा नाही, एवढा विवेक रणधुमाळीत राखणे हे सामान्य माणसाचे काम नव्हे.

तथापि येथेही एक पक्ष मुका राहिला. धारावी बेटावरचा ख्रिस्ती कोळी आणि शेतकरी हा लिस्बनहून जहाजात बसून आला नव्हता. तो येथलाच. त्याच्या आज्यापणज्याने पाण्यात डोलीचे जाळे टाकले होते आणि त्याची बोली मराठीच होती. धनी बदलला त्या दिवशी त्याचे पाद्री मुंबईकडे अथवा गोव्याकडे गेले. चर्च ओस पडली. पुढे गोव्याकडच्या देशी पाद्र्यांनी त्याची धार्मिक निगा राखली. एका बाजूस तो फिरंग्यांचा म्हणून संशयित, दुसऱ्या बाजूस फिरंग्यांनीच त्यास टाकून दिलेला! लढाईत सर्वांत बिकट स्थिती शत्रूची नसते, आपला कोण नि परका कोण हे ज्याच्याविषयी दोन्हीकडचे लोक परस्पर ठरवितात त्याची असते. १८८७ साली याच समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, ते तरी कशासाठी? नोकरीधंद्यात गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्त्यांहून आपण निराळे, येथले मूळचे, हे सरकारच्या ध्यानी यावे म्हणून. आपण जेथे जन्मलो तेथलेच आहो, हे सिद्ध करण्यासाठी ज्यास इंग्रजी नाव घ्यावे लागले त्याची मराठी माणसाने थट्टा करू नये. आपण त्यास आपले म्हणावयास किती उशीर केला, याचा विचार करावा.

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण या किनाऱ्यावर अक्षरशः खरी झाली. वसईचा वेढा चालू असता मुंबईकर इंग्रज तटस्थ होते. वसईच्या सेनापतीने काकुळतीने पैसा मागितला तेव्हा त्यांनी पंधरा हजार रुपये दिले. तेही चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन. वसई पडताच दोन महिन्यांत त्यांनी कॅप्टन इंचबर्ड यास पाठवून मराठ्यांशी व्यापाराचा तह करून घेतला. सावकाराचे धोरण म्हणून हे बिनतोड आहे! पुढे पस्तीस वर्षांनी पुण्यात घरचे भांडण लागताच १७७४ च्या डिसेंबरात त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. सुरतेच्या, पुरंदरच्या आणि शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची गिळली. सालबाई कोठे, धारावी कोठे! ग्वाल्हेरकडील एका गावी बसून शिंद्यांच्या मध्यस्थीने लिहिलेल्या कागदाने उत्तन-पालीच्या कोळ्याचे राज्य पुन्हा एकदा बदलले.

कोणी म्हणेल, हा आमच्या मागासलेल्या जुन्या काळाचा दोष होय. सुधारलेल्या युरोपात असे होत नसेल. या समजुतीचे निरसन व्हावे म्हणून जर्मनीच्या एका इवल्याशा बेटाची हकीकत देतो. उत्तर समुद्रात, एल्ब नदीच्या मुखासमोर, हेल्गोलँड नावाचा तांबड्या खडकाचा एक सुळका आहे. क्षेत्रफळ शेजारच्या वाळूच्या बेटासुद्धा दोन चौरस किलोमीटरांहून कमी. वस्ती फ्रिजियन कोळ्यांची. त्यांची बोलीही निराळी. धारावीप्रमाणेच याचेही दैव एका गोष्टीत होते: मोठ्या बंदरांच्या वाटेवर ते उभे आहे. पूर्वी ते डेन्मार्कचे होते. नेपोलियनच्या युद्धात, १८०७ साली, इंग्रजांनी घेतले आणि तेथून युरोपात चोरटा माल घालण्याचा तेजीचा धंदा चालविला. १८९० साली लॉर्ड सॉल्झबरीच्या मंत्रिमंडळाने ते जर्मनीस दिले आणि त्याच्या बदली आफ्रिकेत झांजीबारच्या बाजूस जर्मनीने आपला हक्क सोडला. ज्या झांजीबारात आमचे कच्छी-गुजराती व्यापारी पेढ्या घालून बसले होते, तेथील लोकांसही कोणी विचारले नाही आणि हेल्गोलँडच्या कोळ्यांसही नाही. तहात एवढी मेहेरबानी मात्र होती की, ज्यास वाटेल त्याने ठरलेल्या मुदतीत इंग्रज प्रजाजन म्हणून राहण्याचे कळवावे, आणि आधी जन्मलेल्यांवर लष्करी नोकरीची सक्ती होऊ नये. धनी कोण असावा हे विचारले नाही; धनी बदलल्यावर कोणत्या रांगेत उभे राहावयाचे तेवढे विचारले!

जर्मनीने त्या खडकाचे आरमारी ठाणे केले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच सारे रहिवासी मुख्य भूमीवर हलविले गेले. चार वर्षांनी ते परतले. व्हर्सायच्या तहाच्या ११५ व्या कलमाने तेथील तटबंदी व बंदर जर्मनीच्याच मजुरांकडून आणि जर्मनीच्याच खर्चाने पाडविण्यात आले. हिटलरच्या राजवटीत ते पुन्हा बांधले गेले, आणि या वेळी खडकाच्या पोटात भुयारे खोदली गेली. १९४५ च्या १८ एप्रिलला, म्हणजे युद्ध संपावयास तीन आठवडेही उरले नसता, सुमारे एक हजार इंग्रज विमानांनी त्या चिमुकल्या बेटावर बाँबचा पाऊस पाडला. रहिवासी भुयारांत होते म्हणून बहुतेक वाचले. पण वर येऊन पाहतात तो गाव नाहीसा झालेला. त्यांस पुन्हा मुख्य भूमीवर नेण्यात आले. दोन वर्षांनी, त्याच तारखेस, इंग्रज आरमाराने सुमारे ६,७०० टन दारूगोळा त्या खडकात ठासून एकाच वेळी उडवून दिला. बेटाचा दक्षिणेकडचा एक भाग खचला. तरी बेट बुडाले नाही. पुढे पाच वर्षे ते विमानांना बाँबफेकीचा सराव करण्याचे निशाण म्हणून वापरण्यात आले!

लढाई संपली होती, आणि ज्यांची घरे तेथे होती ते हयात होते. तरी ते परत जाऊ शकत नव्हते. १९५० च्या डिसेंबरात हायडेलबर्गचे दोन विद्यार्थी होडीने त्या ओसाड बेटावर उतरले आणि त्यांनी तेथे निशाणे लावली. त्यांच्यापाशी बंदूक नव्हती. परंतु त्या कृत्याचा बोभाटा झाला, लोकमत चेतले, आणि १ मार्च १९५२ रोजी इंग्रजांनी बेट परत दिले. कोळी परतले, त्यांनी ढिगाऱ्यावर नवा गाव बांधला. हजार विमानांस जे ठरविता आले नाही ते अखेरीस तेथे राहू इच्छिणाऱ्यांच्या चिकाटीने ठरविले. निःशस्त्र प्रतिकाराचे सामर्थ्य आम्हां हिंदी लोकांस कोणी शिकवावयास नको. पण ते उत्तर समुद्रातही चालते, हे ऐकून समाधान वाटते.

आता कोणी व्यवहारी वाचक विचारील की, लढाईत रयतेची मते घेत बसले तर वसई कधी सर झाली असती? प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे असे नाही की सेनापतीने एल्गारापूर्वी मतदान घ्यावे. आमचे म्हणणे एवढेच की, लढाई संपल्यावर आणि शांततेच्या काळात तरी बेटावरच्या माणसास पक्षकार मानावे. चिमाजी अप्पांनी तहात रहिवाशांच्या धर्मापुरते का होईना, त्यास पक्षकार मानले. म्हणून तो तह सालबाईच्या तहाहून आणि १८९० च्या करारनाम्याहून श्रेष्ठ ठरतो. शौर्यात आपण कोणास हार जाणार नाही; परंतु शौर्य ही एका दिवसाची गोष्ट आहे, न्याय रोजचा आहे.

आणि रोजच्याच गोष्टीकडे पाहावयाचे तर आज धारावी बेटावर तोफा नाहीत, पण दूर बसून ठरविण्याची जुनी खोड गेलेली नाही. मीरा-भाईंदर शहर वाढले, २००२ साली तेथे महानगरपालिका झाली, आणि शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जाऊ लागला. मेट्रोची कारशेड राई-मुर्ध्याच्या बाजूस नको असे तेथील लोकांनी म्हटले, तेव्हा ती डोंगरीच्या डोंगराकडे वळविण्यात आली. झाडे तोडण्यावरून तेथल्या लोकांनी गाऱ्हाणी मांडली. शहरास कचऱ्याची जागा हवी आणि रेल्वेही हवी, हे आम्ही जाणतो; त्यांवाचून आमचा वाचकवर्ग एक दिवस राहू शकणार नाही. परंतु सोय एकाची आणि सोसणे दुसऱ्याचे, अशी वाटणी जेथे होते तेथे सोसणाऱ्याचे म्हणणे आधी ऐकावयाचे, की पाड्यावर यंत्रे आल्यावर? १५३४ साली सुलतानाने विचारले नाही. तो सुलतान होता. निवडून दिलेल्या सभांस ती सबब नाही.

आमची सूचना साधी आहे, आणि ती सरकारइतकीच वाचकांसही आहे. चौकास चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. तेथे जावे, अवश्य नमस्कार करावा. पण तेथूनच पाठ फिरवून परतू नये. खाली पालीच्या आणि उत्तनच्या वस्तीत उतरावे. जुन्या तटाचे जे थोडे दगड राहिले आहेत ते कोणाच्या कुंपणास लागण्यापूर्वी त्यांची मोजणी व्हावी आणि ते राखले जावे. त्या वस्तीतील वृद्ध माणसे आपल्या बोलीत जुन्या गोष्टी सांगतात, त्या त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात. शाळेतील मुलास वसईचा वेढा शिकविताना खाडीच्या अलीकडे कोण राहत होते, हेही सांगावे. आणि ते लोक हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते, आणि दोघेही येथलेच होते, हे न कचरता सांगावे.

वसईचा तट आता कोणाचे रक्षण करीत नाही, आणि धारावीच्या डोंगरावरून कोणाची वाट अडविली जात नाही. सुलतान गेले, फिरंगी गेले, पेशवे गेले, कंपनी गेली. पालीच्या किनाऱ्यावर सकाळी जाळी ओढणारा माणूस तेवढा राहिला आहे. बेट कोणाचे, या प्रश्नाचा निकाल इतक्या तहांनी लावला नाही, तो त्याने तेथे राहूनच लावला आहे. पुढचा कागद लिहिला जाईल तेव्हा निदान त्यावर त्याची सही असावी.